नसणं अंगवळणी पडताना

फोनवर काहीतरी गमतीचं दिसतं आणि बोट आपोआप एका नावाकडे जातं. नाव तिथंच असतं, शेजारी फोटोही. माणूस जाऊन अडीच महिने झालेत. हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, कारण शेवटच्या घटकेला आपणच उशाशी बसलो होतो. तरी बोट गेलंच. मग काळजात चर्र होतं, आणि त्यामागोमाग एक भीतीही वाटते: आपलं डोकं ठिकाणावर आहे ना?

ठिकाणावर आहे. ही भीती शोकात असलेल्या पुष्कळ जणांना चाटून जाते आणि बहुतेक जण ती कुणाला सांगत नाहीत. शोकाबद्दल आपण बोलतो ते सांत्वनाच्या भाषेत. तो चालतो कसा, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. समजलं म्हणून दुःख कमी होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण दुःखाच्या वर 'माझंच काहीतरी चुकतंय' हे जे दुसरं ओझं येऊन बसतं, ते बरंचसं उतरतं.

कळतं, पण वळत नाही

मेंदूचं बरंचसं काम अंदाज बांधण्याचं असतं. ओळखीचा जिना उतरताना पुढची पायरी कुठे आहे हे आपण बघत नाही, पाय ते गृहीत धरतो. ज्या माणसासोबत वर्षानुवर्षं काढली त्याच्याबद्दलही अशी असंख्य गृहीतकं तयार झालेली असतात. या वेळी तो घरात असणार. अशी पावलं वाजली म्हणजे ती आली. चांगली बातमी आधी तिला सांगायची. ही आपण बसून ठरवलेली नसतात, हजारो दिवसांच्या सवयीनं ती मुरलेली असतात. त्यांच्यासमोर मृत्यू ही एका दिवसाची घटना. जे इतक्या वेळा खरं ठरलं ते उद्याही खरं ठरेल, असंच मेंदू धरून चालतो.

नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोक्यात एका ठरावीक जागी वस्तू ठेवायची, उंदराला तिथं फिरू द्यायचं आणि मग ती वस्तू काढून घ्यायची. वस्तू गेल्यानंतर उंदीर त्या रिकाम्या जागी पोचला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी जाग्या व्हायच्या, आणि हे पुढे कित्येक दिवस चालायचं. 'इथं काहीतरी होतं' याची नोंद ठेवणाऱ्या पेशी म्हणायला हरकत नाही. उंदराला त्या वस्तूचं दुःख झालं असा दावा अर्थातच कुणी केलेला नाही. पण शोक आणि मेंदू यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर हा प्रयोग आवर्जून सांगतात. त्यांच्या मते शोकात मेंदूला एकाच वेळी दोन गोष्टी माहीत असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक, माणूस गेला, ही आठवण. दुसरी, हे माणूस कुठेतरी असणारच, ही नात्यात मुरलेली खात्री. पहिली माहिती एका क्षणात मिळते. दुसरी पुसायला महिने लागतात, कधी वर्षं.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे: अंगवळणी पडणं. मनाला पटणं वेगळं आणि अंगाला वळण लागणं वेगळं. वळण लागायला त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा जावं लागतं. रिकाम्या खुर्चीसमोर पहिल्यांदा बसणं, ते नसतानाचा पहिला वाढदिवस, ते नसताना आलेलं पहिलं आजारपण. प्रत्येक वेळी जुनं गृहीतक चुकतं, धक्का बसतो, आणि तो धक्का म्हणजेच एक धडा असतो. म्हणून मी शोकाला बराचसा शिकण्याचा प्रकार मानतो. जे शिकायचंय ते आपल्याला मुळीच शिकायचं नसतं, त्यामुळे त्याला वेळही फार लागतो आणि दमायलाही फार होतं. काहींना तर दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा जड जातं. तोवर सुरुवातीचा सुन्नपणा ओसरलेला असतो आणि भेटायला येणारेही.

गर्दीत एखाद्याची पाठ दिसली आणि 'तोच!' असं वाटून पावलं वेगानं पडली, हेही यातलंच. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. ती मुलं आधी आकांत करत, आईला शोधत, आणि ती येत नाही असं दिसलं की मलूल होऊन कोपऱ्यात बसत. बोल्बीचं म्हणणं असं की जवळचं माणूस गमावल्यावर मोठ्यांमध्येही हीच जुनी यंत्रणा सुरू होते. ती ओढ, तो शोध हे माणसाला माणसाशी बांधून ठेवणाऱ्या स्वभावाचंच टोक आहे. दुरावलेलं माणूस शोधलं की सापडतं, हा आयुष्यभराचा अनुभव. या एका वेळी तो लागू पडत नाही.

आणि कधी कधी माणूस 'सापडतं'सुद्धा. शेजारच्या खोलीत चाहूल लागते, हाक ऐकू येते, पलंगाच्या कडेला कुणी बसल्यासारखं वाटतं. १९७१ साली वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी पती किंवा पत्नी गमावलेल्या २९३ जणांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या लोकांना असा काही ना काही अनुभव आलेला होता. बऱ्याच जणांना त्यात भीतीपेक्षा आधार वाटला होता. पण बहुतेकांनी तो कुणाजवळही बोलून दाखवला नव्हता, स्वतःच्या डॉक्टरजवळही नाही. म्हणजे इतकी सर्रास घडणारी गोष्ट, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

आवंढा, खड्डा आणि गळालेले हातपाय

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं दगावली. एरिक लिंडेमान हे मनोविकारतज्ज्ञ तिथल्या रुग्णालयात काम करत होते. या आगीत माणसं गमावलेले आणि इतर शोकग्रस्त अशा १०१ जणांना जवळून पाहून त्यांनी १९४४ साली एक निबंध लिहिला. शोकाची लक्षणं इतक्या बारकाईनं टिपणारं वैद्यकातलं हे सुरुवातीचं काम. त्यांना आढळलं की त्रास लाटांसारखा येतो. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. घसा आवळल्यासारखा होतो, श्वास पुरत नाही, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी जाणवते, अंगातलं बळच जातं. कुणी गेलेल्या माणसाचं नाव काढलं, सहानुभूतीचा एखादा शब्द बोललं की लाट उठते.

त्यांची यादी वाचताना मला गंमत वाटली, कारण ती सगळी आपल्या बोलण्यात आधीपासून आहे. घशाशी आवंढा येणं, पोटात खड्डा पडणं, हातपाय गळणं, घास घशाखाली न उतरणं, डोळ्याला डोळा न लागणं. हे वाक्प्रचार आपण अलंकार म्हणून वापरतो, पण ते चक्क लक्षणांचं वर्णन आहे. शोक शरीरातही होतो.

त्यात विसरभोळेपणाही येतो. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, त्याच पानावर चारदा फिरावं लागतं, किल्ली कुठे ठेवली आठवत नाही, साधा हिशेब चुकतो. झोपमोड आणि सततचा ताण यांनी लक्ष विस्कटतं; हे बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. म्हणून घर विकणं, नोकरी सोडणं, गाव बदलणं असे मोठे निर्णय लांबणीवर टाकता येत असतील तर टाकावेत. बँकेची आणि वारसाची कागदपत्रं मात्र लांबवता येत नाहीत. त्यासाठी डोकं शांत असलेल्या कुणाला तरी शेजारी बसवावं आणि सही करण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्यावं.

हृदयाचं मात्र जरा गंभीरपणे घ्यायला हवं. जपानमध्ये १९९० च्या सुमारास डॉक्टरांनी एका विकाराचं वर्णन केलं. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग अचानक फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. तो आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचंच नाव विकाराला मिळालं: ताकोत्सुबो. छातीत दुखणं, धाप लागणं, सगळं हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखं, पण रक्तवाहिनीत त्याला कारण ठरेल असा अडथळा सहसा सापडत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. खरा हृदयविकारही या काळात वाढतो. २०१२ साली अमेरिकेत सुमारे दोन हजार हृदयरुग्णांच्या अभ्यासात दिसलं की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट असतो आणि पुढच्या दिवसांत तो उतरत जातो. निरोगी माणसाचा मुळातला धोका फार कमी असतो, त्यामुळे आकड्यानं घाबरून जायला नको. पण घरात आधीच हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेलं कुणी असेल तर त्या धावपळीत त्यांच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे एकानं बघावं. आणि छातीत दुखतंय म्हटल्यावर 'दुःखानं होतंय' असं म्हणून घरी थांबू नये.

पाच पायऱ्यांचा जिना

शोकाचे पाच टप्पे असतात, हे जवळपास सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या स्विस-अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी ते १९६९ साली मांडले. लोकांच्या लक्षात सहसा न राहिलेली गोष्ट ही की त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या. स्वतःचा मृत्यू समोर दिसणारी ती माणसं होती. मागे राहिलेल्यांचा तो अभ्यास नव्हता. ती मांडणी नंतर तिथं नेऊन लावली गेली.

क्यूब्लर-रॉस यांचं काम मोठंच आहे. मरणाऱ्या माणसाशी मरणाबद्दल बोलावं, हे त्या काळच्या डॉक्टरांना पटवून देणं सोपं नव्हतं. पण टप्प्यांचा जिना झाला की त्रास सुरू होतो. 'मला राग येतच नाहीये, म्हणजे मी अजून नकारातच अडकलोय का?' 'मागच्या महिन्यात मी स्वीकारलं होतं, मग आज पुन्हा सगळं का उसळलं?' प्रत्यक्षात या भावना येतात, पण क्रमानं येत नाहीत. काही जणांना त्यातल्या दोनच येतात. एकाच दुपारी चार-चार येऊन जाऊ शकतात. एकाच घरातल्या दोन भावंडांचा शोकसुद्धा सारखा नसतो, आणि यावरून घरात भांडणं होतात. 'तुला काहीच वाटत नाही का?' हा प्रश्न अशाच दिवसांत विचारला जातो.

ज्याला विचारला जातो तो बहुधा न रडणारा असतो. त्याच्या बाजूनं दोन शब्द. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्या लोकांचा, मृत्यूच्या आधीपासून ते नंतरच्या दीड वर्षापर्यंत, मागोवा घेतला. सगळ्यात मोठा गट निघाला तो दुःख असूनही रोजचं आयुष्य रेटत राहिलेल्या लोकांचा, जवळजवळ निम्मा. त्यांचं प्रेम कमी होतं किंवा त्यांनी दुःख दाबून टाकलं आणि ते पुढे कधीतरी फुटलं, असं दिसलं नाही. रडू आलं तर रडावं. नाही आलं तर स्वतःला रडवायची गरज नाही.

येरझार

मग टप्पे नाहीत तर काय आहे? मला सगळ्यात पटलेली मांडणी मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट या नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या दोन संशोधकांची. ती १९९९ सालची. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकात माणसासमोर दोन प्रकारची कामं असतात. एक गमावण्याकडे तोंड करून असतं: आठवणं, रडणं, फोटो काढून बसणं, शेवटच्या दिवसाची उजळणी. दुसरं पुढच्या आयुष्याकडे: जी बिलं तो भरायचा ती भरायला शिकणं, मुलांच्या शाळेत आता एकट्यानं जाणं, 'आम्ही' म्हणायची सवय मोडून 'मी' म्हणणं. आणि माणूस या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत असतो. सकाळी बँकेत रांगेत उभं राहून फॉर्म भरणारी बाई दुपारी कपाटातला शर्ट नाकाशी धरून बसते आणि संध्याकाळी मुलीच्या विनोदावर हसते.

त्या हसण्यानंतर जो अपराधीपणा येतो, त्याच्यासाठी ही मांडणी फार कामाची आहे. हसणं म्हणजे विसरणं नसतं. ती येरझारेतली विश्रांती असते. दिवसभर दुःखाकडे टक लावून कुणाला बघता येत नाही, आणि तशी गरजही नसते. उलट बाजूही खरी आहे. जो माणूस दुसऱ्या दिवसापासून कामाला जुंपून घेतो आणि नाव काढलं की खोलीतून उठून जातो, त्याची येरझार एकाच टोकाला अडली आहे. सावरणं म्हणजे ही ये-जा सुरू राहणं. 'सावरणं' हा शब्दही बघा: तोल जाता जाता सांभाळणं. तोल एकदाच सांभाळून चालत नाही, चालताना तो सतत सांभाळावा लागतो.

'काळ हेच औषध' असं म्हणतात, त्याबद्दल इथंच बोलून घेतो. नुसता काळ काही करत नाही. त्या काळात आपण किती वेळा त्या रिकाम्या जागेपाशी गेलो आणि किती वेळा परत आलो, ते काम करतं. त्यासाठी काळ लागतो, एवढंच त्या म्हणीतलं खरं.

चुटपुट

आता सगळ्यात बोचणाऱ्या गोष्टीकडे. 'आदल्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं तर.' 'त्या संध्याकाळी मी फोन उचलला असता तर.' 'शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं.' मराठीत याला चुटपुट म्हणतात. पश्चात्तापापेक्षा हा शब्द नेमका आहे, कारण पश्चात्तापाला गुन्हा लागतो आणि चुटपुटीला लागत नाही.

ती का सुटत नाही याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं, शेवट कळल्यावर मागची प्रत्येक खूण ठळक दिसते. त्या मंगळवारी 'जरा थकवा वाटतोय' हे वाक्य शंभरातलं एक होतं. आज ते एकटंच उरलंय, म्हणून त्याचा अर्थ स्पष्ट वाटतो. तेव्हा जे ठाऊक होतं तेवढ्यावरच तेव्हाचा निर्णय तोलायला हवा, आणि हे स्वतःबाबत फार कठीण जातं. दुसरं कारण जास्त खोल आहे. 'माझ्यामुळे झालं' या वाक्यात वेदना आहे, पण त्यात जगावर आपला ताबा होता असाही एक दिलासा लपलेला असतो. 'कुणालाच काही करता आलं नसतं' हे वाक्य मनाला त्याहून भीषण वाटतं. म्हणून मन कधी कधी दोष पत्करतं, पण असहायता पत्करत नाही. हे लक्षात आलं की चुटपुट नाहीशी होते असं नाही, पण तिची पकड जरा सैल होते. नेमका वैद्यकीय प्रश्न डोक्यात असेल तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारावा. वर्षानुवर्षं मनात घोळवलेल्या 'जर'ला कित्येकदा पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

आणखी एक भावना असते जिचा उच्चारही होत नाही: सुटल्यासारखं वाटणं. दीर्घ आजारात रात्र रात्र जागून सेवा केल्यानंतर, किंवा मुळातच जाच असलेल्या नात्यानंतर, माणूस गेल्यावर हायसं वाटतं आणि लगेच स्वतःची किळस येते. हायसं वाटणं हे त्यांच्या वेदना थांबल्याचं असतं, आपल्या थकव्याचंही असतं. ते आणि दुःख एकाच मनात सुखेनैव राहतात. गेलेल्या माणसाचा राग येणं, 'मला टाकून गेलास' असं वाटणं, हेही तसंच.

विसरायला कुणी सांगितलंय?

सिग्मंड फ्रॉइड यांचा शोकावरचा गाजलेला निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेका आठवणीपासून हळूहळू सोडवून घेणं, हे शोकाचं काम. ते पुरं झालं की मन मोकळं होतं, असा त्याचा सूर होता. विसाव्या शतकात बराच काळ उपचार करणारे यावरच विसंबले. 'आता सोडून दे', 'त्यातून बाहेर पड' या सल्ल्यांमागेही तोच विचार आहे.

तीन वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, फ्रॉइड यांची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. १९२३ साली तिचा चार वर्षांचा मुलगा गेला. या नातवावर आजोबांचा विलक्षण जीव होता. १९२९ मध्ये त्यांचे मित्र लुडविग बिन्सवांगर यांचा मुलगा वारला, तेव्हा फ्रॉइड यांनी त्यांना पत्र लिहिलं. सोफी असती तर त्या सुमारास छत्तीस वर्षांची झाली असती, याचा त्यात उल्लेख आहे. तीव्र शोक ओसरतो, पण आपलं समाधान कधीच होत नाही आणि त्या माणसाची जागा दुसरं कुणी घेत नाही, अशा आशयाचं ते पत्र आहे. आणि हे असंच असायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते टिकवण्याचा हाच मार्ग, असंही त्यांनी लिहिलं. सिद्धान्त लिहिणारा माणूस आणि मुलीचा बाप यांच्यातलं हे अंतर मला त्या निबंधापेक्षा जास्त शिकवतं.

संशोधनाला तिथं पोचायला १९९६ साल उजाडलं. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी दाखवलं की शोकातून सावरलेली पुष्कळ माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात. अडचणीत 'ती असती तर काय म्हणाली असती' असं विचारतात. त्याचं घड्याळ वापरतात. मुलांना आजीचे किस्से सांगतात. कपाटातले कपडे काढायचे की ठेवायचे यालाही त्यामुळे मुदत नाही. सगळे एका दिवसात देऊन टाकणारे पुढे हळहळतात, एवढं मी पाहिलंय. दोन-चार वस्तू बाजूला ठेवून बाकीचं सावकाश करावं.

ज्या दुःखाला जागा मिळत नाही

काही शोकांना रडायचीही परवानगी नसते. पोटातलं बाळ जातं, घटस्फोट झालेला जोडीदार जातो, कुणाला न सांगता आलेलं प्रेम जातं, पंधरा वर्षांचा कुत्रा जातो. लोक म्हणतात, 'एवढं काय त्यात'. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला वेगळं नाव दिलं: समाजानं हक्कच न दिलेला शोक. पॉलीन बॉस या संशोधकांनी दुसरा एक प्रकार ओळखला. माणूस बेपत्ता असतं, किंवा समोर असूनही स्मृतिभ्रंशामुळे आपल्याला ओळखत नसतं. इथं शेवटच झालेला नसतो, त्यामुळे शोक सुरूही करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. अशा लोकांना सल्ला नको असतो. 'हे खरंच दुःख आहे' एवढं ऐकायचं असतं.

मदत कधी घ्यावी

शोक हा आजार नाही आणि बहुतेकांना उपचार लागत नाहीत. जवळची माणसं, थोडी झोप आणि वेळ यांवर ते निभावतं. पण साधारण दहातल्या एकाच्या बाबतीत शोक अडकतो, असं २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला प्रदीर्घ शोकविकार म्हणून स्थान मिळालं. तिथं किमान सहा महिन्यांची अट आहे; अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं मोठ्यांसाठी बारा महिन्यांची ठेवली. दुःखाला तारीख लावल्याबद्दल यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण निकष नुसत्या कालावधीचा नाही. जवळजवळ रोज, दिवसभर तीच तीव्र ओढ. गेल्याचं अजून खरंच न वाटणं. आपलाच एक भाग मेला असं वाटणं. त्यांच्या आठवणी टाळण्यासाठी अख्खं आयुष्य आखडून घेणं. आणि यामुळे काम, घर, नाती ठप्प होणं. मूल गमावलेल्यांना आणि आत्महत्या, अपघात, हत्या अशा मृत्यूंत माणूस गमावलेल्यांना हा धोका जास्त असतो.

यावर उपचार आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. कॅथरीन शिअर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी साधारण सोळा भेटींची एक पद्धत विकसित केली. तिच्यात मृत्यूची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं, टाळलेल्या जागी हळूहळू जाणं आणि पुढच्या आयुष्यातलं काहीतरी हवंसं वाटणं, यांवर काम होतं. नैराश्याच्या गोळ्या त्यात काय करतात हेही त्यांनी तपासलं. सोबत नैराश्य असेल तर या उपचाराच्या जोडीनं गोळ्यांनी ते कमी झालं, पण शोकाची ती ओढ गोळ्यांनी विशेष हलली नाही.

नैराश्य आणि शोक सारखे दिसतात. ढोबळ फरक असा की शोक लाटांनी येतो आणि मधे चांगल्या आठवणीनं चेहरा उजळतो. नैराश्यात सगळंच सपाट होतं आणि माणूस स्वतःला कवडीमोल समजू लागतं. 'मलाही त्याच्याकडे जायचंय' हे वाक्य शोकात पुष्कळ जण बोलतात. बोललं की घाबरून विषय बदलू नये, सरळ विचारावं: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठावी. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढत चालला असेल तर तीही वाट बघत न बसण्याची गोष्ट.

मुलांबद्दल थोडंसं. 'देवाघरी गेले', 'झोपलेत' असं सांगितलं की लहान मूल ते शब्दशः घेतं. मग त्याला झोपायची भीती वाटते किंवा ते परत यायची वाट पाहतं. मेलेलं माणूस परत येत नाही ही कल्पनाच बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळते. 'त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही' एवढं साध्या शब्दांत सांगावं, विचारेल तितक्या वेळा सांगावं. मूल दहा मिनिटं रडतं आणि खेळायला पळतं. त्याची येरझार आपल्यापेक्षा वेगवान असते, इतकंच.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

काय बोलावं सुचत नाही म्हणून लोक जात नाहीत, आणि गेले तर नको ते बोलतात. 'सुटले बिचारे', 'निदान दुसरं मूल तरी आहे', 'तुला आता खंबीर व्हायला हवं'. 'मला समजतं तुझं दुःख' हेही टाळलेलं बरं. 'काय बोलावं कळत नाहीये, पण मी आलोय' हे चालतं. 'काही लागलं तर सांग' असं म्हटल्यावर कुणीही काहीही सांगत नाही, कारण काय लागतंय हेच त्यांना कळत नसतं. 'उद्या चार वाजता मुलांना मी आणतो' असं नेमकं म्हणावं आणि चार वाजता जावं.

नाव घ्यायला घाबरू नये. आपण नाव काढलं म्हणून त्यांना आठवण होईल, असं आपल्याला वाटतं. ती होतच असते. बहुतेकांना भीती असते ती लोक विसरतील याची.

आणि पंधरा दिवसांनी गर्दी ओसरते, तेव्हाचं बघावं. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये अशा तारखा लावून ठेवल्यात, मृत्यूनंतर सहा महिने, एक वर्ष, वाढदिवस. मागच्या महिन्यात त्यातली एक वाजली आणि मी एका मैत्रिणीला फोन केला. "तुझ्या लक्षात होतं?" असं म्हणून ती बराच वेळ गप्प राहिली. मग पाऊण तास आम्ही तिच्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोललो. ते किती भयंकर होतं, वरच्या मजल्यावरचे लोक कसे तक्रार घेऊन आले होते. अजून रात्री तीनला जाग येते, ती म्हणाली, त्या शांततेमुळे.